विश्लेषण : एकाच घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना का दिसत नाहीत?

पलूस : खाली दुकान, वर बिऱ्हाड. पलूसच्या बाजारपेठेत, भिलवडीच्या पेठेत, किर्लोस्करवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अशी घरे ओळीने आहेत. खाली खते-औषधांचे नाहीतर हार्डवेअरचे दुकान आणि गल्ल्याशेजारी बिलाचा कॉम्प्युटर. वर मुलाचा किंवा सुनेचा लॅपटॉप. जीएसटीचे काम रात्री जेवणे उरकल्यावर वरच होते. २० तारीख ही मासिक जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत, त्यामुळे १९ तारखेला रात्री खालची फाइल वर उघडायची असते. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर अक्षरे उमटतात : नेटवर्क पाथ सापडला नाही.

मग सुरू होते पेनड्राइव्हची वारी. ‘आबा, दुकानाची चावी द्या, फाइल आणायची राहिली.’ खाली जायचे, फाइल घ्यायची, वर यायचे, दुरुस्ती करायची, पुन्हा खाली न्यायची. महिनाभरात ‘मार्च’, ‘मार्च फायनल’, ‘मार्च फायनल नवीन’ अशा तीन फाइली तयार होतात आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. सल्लागाराकडे चुकीची फाइल गेली, की दंड आणि व्याज भरायची वेळ येते.

दुसऱ्या दिवशी ओळखीतला कॉम्प्युटरवाला येतो. फायरवॉल बंद, पासवर्ड बंद, सगळ्या ड्राइव्हला ‘एव्हरीवन’ आणि ‘फुल कंट्रोल’. दहा मिनिटांत फाइल दिसू लागते, सगळे खूश होतात. खरा धोका इथूनच सुरू होतो. दुखणे कुठे आहे हे न पाहता सगळीच कुलपे काढून टाकलेली असतात. नेमके कुठे अडले आहे ते शोधायला एखादा तास लागतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा कोणाला बोलवावेही लागत नाही.

इंटरनेट लागत नाही, राउटर लागतो

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. घरातल्या घरात फाइल शेअर करायला इंटरनेटची गरज नसते. रस्त्याच्या कामात फायबर तुटली आणि दोन दिवस नेट बंद असले, तरी खालची फाइल वर उघडली पाहिजे. दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली आणि राउटर चालू, एवढे पुरेसे आहे. उलट इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालते म्हणून शेअरिंगही चालेल, असेही नाही. दोन वेगवेगळ्या वाटांनी दोघेही बाहेर जाऊ शकतात आणि तरी एकमेकांना दिसत नाहीत.

फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना तीन अडथळे ओलांडते. आधी रस्ता, म्हणजे दोन्ही यंत्रांतला दुवा. मग दार, म्हणजे विंडोजची फायरवॉल आणि शेअरिंगची सेटिंग. शेवटी कपाट, म्हणजे त्या फोल्डरची परवानगी. तपासणी याच क्रमाने करावी. रस्ताच नसेल, तर कपाटाच्या किल्ल्या बदलून उपयोग नाही.

दोन राउटर, दोन गल्ल्या

आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त वेळा बिघाड इथे असतो आणि सगळ्यात कमी वेळा इथे पाहिले जाते. फायबरचे कनेक्शन देणारा माणूस दुकानात एक पांढरा डबा बसवून जातो. त्यातूनच वाय-फाय मिळते. पण स्लॅब जाड, वर रेंज येत नाही. मग सांगलीहून किंवा ऑनलाइन दुसरा राउटर मागवला जातो, खालच्या डब्यातून एक वायर वर नेली जाते आणि ती नव्या राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या तोंडात खुपसली जाते. वर नेट सुसाट. सगळे समाधानी.

प्रत्यक्षात घरात आता दोन स्वतंत्र नेटवर्क तयार झालेली असतात. प्रत्येक राउटर आपापल्या यंत्रांना पत्ते वाटतो. खालचा डबा १९२.१६८.१.५ असा पत्ता देतो, वरचा राउटर १९२.१६८.०.१० असा. घरगुती नेटवर्कमध्ये पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि चौथा म्हणजे घर क्रमांक, असे धरून चालायला हरकत नाही. इथे तिसरा आकडा वेगळा, म्हणजे गल्लीच वेगळी.

याची एक गंमत आहे. वरचा राउटर खालच्या डब्याच्या आत बसलेला असल्याने वरून खाली वाट सापडते, खालून वर सापडत नाही. पत्ता टाइप केला तर लॅपटॉपवरून दुकानाचा कॉम्प्युटर उघडतो, पण दुकानातून लॅपटॉप काही केल्या उघडत नाही. ‘एका बाजूने चालते, दुसऱ्या बाजूने नाही’ अशी तक्रार ऐकू आली, की आधी राउटर मोजावेत.

तपासणी सोपी आहे. स्टार्ट मेनूत ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडायची, त्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत सलग लिहून एंटर मारायचे. ‘आयपीव्ही४ अॅड्रेस’ या ओळीसमोरचे आकडे दोन्ही कॉम्प्युटरवर पाहायचे आणि कागदावर लिहून ठेवायचे. फोनवरही वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडला, की हाच पत्ता दिसतो. पहिले तीन आकडे जुळले नाहीत, तर दुखणे सापडले.

उपायाला नवा खर्च नाही. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल, तर तो निवडायचा. नसेल, तर त्याची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करायची आणि वायर ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या तोंडात लावायची. ते करण्याआधी त्या राउटरचा स्वतःचा पत्ता खालच्या डब्याच्या गल्लीतला, पण कोणाशीही न जुळणारा करून घ्यावा. नाहीतर दोघांचा पत्ता एकच होऊन नवाच घोळ होतो. यानंतर पत्ते एकच डबा वाटतो आणि सारे घर एका गल्लीत येते.

पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर मामला वेगळा. त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणून त्याने स्वतःच एक धरून घेतला आहे. वायर सैल झाली आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा राउटरच बंद आहे. गोदामाच्या घरात उंदराची शक्यता हसण्यावारी नेऊ नये.

आणखी एक जागा म्हणजे ‘गेस्ट’ वाय-फाय. पाहुण्यांसाठी केलेल्या या नेटवर्कवरची यंत्रे एकमेकांना दिसू नयेत, हाच त्याचा हेतू असतो. मुलाने लॅपटॉप कधीतरी त्यावर जोडला आणि तसाच राहिला, तर नेट मिळते, फाइल मिळत नाही. काही डब्यांत ‘एपी आयसोलेशन’ नावाची सोय असते. ती चालू असली, तरी हाच परिणाम होतो.

लाइट जाते, पत्ता बदलतो

काल चालत होते, आज चालत नाही, मधे कोणी काहीच केले नाही. असे असेल तर मधे लाइट गेली होती का, हे आठवावे. अनेक साध्या राउटरमध्ये कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी बंद पडताच पुसली जाते. वीज आल्यावर जो आधी हजर होईल त्याला आधीचा पत्ता. काल १९२.१६८.१.५ हा दुकानाचा कॉम्प्युटर होता, आज त्या जागी घरातला टीव्ही आहे. लॅपटॉपवरचा शॉर्टकट मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो.

म्हणून शॉर्टकट आकड्यांवर न करता कॉम्प्युटरच्या नावावर करावा. आकडेच वापरायचे असतील, तर राउटरमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून दुकानाच्या यंत्राला एक पत्ता कायमचा बांधून द्यावा. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर थेट बोर्डावर, ही मांडणीही बदलावी. वीज गेल्यावर कॉम्प्युटर जिवंत असतो, पण रस्ता मेलेला असतो. नेमक्या त्या क्षणी हिशेबाची फाइल वरून उघडी असेल, तर ती खराब होऊ शकते. राउटरला फार थोडी वीज लागते, तो त्याच यूपीएसवर सहज चालतो.

झोपलेला कॉम्प्युटर हा याचाच चुलतभाऊ. दुकान बंद करताना पडदा काळा दिसला, की सगळ्यांना वाटते कॉम्प्युटर चालू आहे, फक्त स्क्रीन बंद आहे. तो ‘स्लीप’मध्ये गेलेला असतो आणि झोपलेला कॉम्प्युटर फाइल देत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची वेळ हवी तेवढी ठेवावी, पण ‘स्लीप’समोर ‘नेव्हर’ निवडावे.

घराला ‘पब्लिक’ समजणारे विंडोज

रस्ता ठीक असेल, तर दाराकडे वळायचे. नवे वाय-फाय जोडले, की विंडोज ११ त्याला आपण होऊन ‘पब्लिक’ धरते, म्हणजे एसटी स्टँडावरचे किंवा लॉजमधले. अनोळखी ठिकाणी आपले फोल्डर दिसू नयेत म्हणून ते दार लावून घेते. कॉफीच्या दुकानात हे योग्यच, पण घरात अडचण होते. नवा राउटर बसवला किंवा वाय-फायचे नाव बदलले, की विंडोजच्या लेखी ते नवे नेटवर्क असते आणि ते पुन्हा ‘पब्लिक’ होते. राउटर बदलल्यापासून शेअरिंग बंद पडले, या तक्रारीचे मूळ बहुधा हेच.

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून चालू जोडणीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडायचे. मग त्याच पानावरच्या ‘अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधून ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये जायचे आणि ‘प्रायव्हेट’ या भागात ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करायचे. ‘पब्लिक’च्या भागात ही दोन्ही बटणे बंदच राहू द्यावीत. हे दोन्ही कॉम्प्युटरवर करायचे असते. एकावर करून दुसरा विसरला जातो, हे फार वेळा घडते.

एवढे केले, की विंडोजची फायरवॉल लागणारी वाट आपोआप मोकळी करते. ती पूर्ण बंद करण्याचे कारण उरत नाही. मात्र विकतचा अँटिव्हायरस असेल, तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते आणि तिथेही घरच्या नेटवर्कला ‘विश्वासू’ म्हणून नोंदवावे लागते.

यादीत नाही म्हणजे घरात नाही, असे नाही

फाइल एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ या यादीवर फार विसंबून राहू नये. ती यादी म्हणजे कॉम्प्युटरांनी आपापली हजेरी लावण्याची वही आहे. हजेरी लावणाऱ्या सेवेचे नाव लांबलचक आहे : ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’. ती सुरू नसली, की कॉम्प्युटर वर्गात बसलेला असतो, पण वहीत नाव नसते. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ती ‘ऑटोमॅटिक’ करता येते.

त्याआधी सरळ पत्ता टाइप करून पाहावा. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा, त्यापुढे दुसऱ्या कॉम्प्युटरचे नाव, मग एंटर. नावाने उघडले नाही, तर नावाच्या जागी आयपी पत्ता. पत्त्याने उघडले आणि नावाने नाही, तर रस्ता, दार दोन्ही ठीक आहेत. फक्त नावाची ओळख पटत नाही.

फोनचा इथे चांगला उपयोग होतो. आयफोनच्या ‘फाइल्स’ अॅपमध्ये आयओएस १३ पासून सर्व्हरला जोडण्याची सोय आहे, तर अँड्रॉइडवरच्या अनेक फाइल मॅनेजर अॅपमध्ये ‘नेटवर्क’ किंवा ‘लॅन’ असा पर्याय असतो. फोनवरून दुकानाचा फोल्डर उघडला, तर दुकानाचा कॉम्प्युटर निर्दोष आहे आणि दोष लॅपटॉपमध्ये आहे. फोनवरूनही उघडला नाही, तर उलट. अर्धा शोध तिथेच संपतो.

पिन बरोबर, तरी दार उघडेना

आता पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते. रोजचा चार आकडी पिन टाकला जातो. चूक. पुन्हा टाकला जातो. पुन्हा चूक. पिन आठवणीत पक्का असतो, त्यामुळे माणूस चिडतो.

कारण असे, की पिन हा फक्त त्या एका यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून तो चालतच नाही. तिथे खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो आणि तोही ज्या कॉम्प्युटरवर फाइल आहे त्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, तर नावाच्या जागी ईमेल. तो पासवर्ड तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर घेताना दुकानदारानेच बनवलेला असतो, तो कोणाला आठवणार?

दुसऱ्या टोकाला काही घरांत खात्याला पासवर्डच नसतो. ‘आमच्या दुकानात कोण येतंय?’ असा युक्तिवाद असतो. पण पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, फक्त समोर बसून वापरू देते. म्हणजे पासवर्ड असावाच लागतो.

या सगळ्यातून सुटण्याचा स्वच्छ मार्ग म्हणजे दुकानाच्या कॉम्प्युटरवर शेअरिंगपुरते एक वेगळे साधे खाते काढणे. त्याला मायक्रोसॉफ्टशी जोडायचे नाही. इंग्रजी अक्षरांत छोटे नाव आणि एक चांगला पासवर्ड. फोल्डरच्या परवानगीत तेवढेच नाव घालायचे. वरच्या लॅपटॉपवर एकदा हे नाव-पासवर्ड टाकून ‘लक्षात ठेवा’वर खूण केली, की पुन्हा विचारणा होत नाही. आधी चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून ती जुनी नोंद पुसावी. नाहीतर विंडोज न विचारताच चुकीचा पासवर्ड पाठवत राहते.

‘अॅक्सेस डिनाइड’ असा संदेश आला, तर खरे म्हणजे हायसे वाटायला हवे. रस्ता सापडला, दार उघडले, आता फक्त कपाट उरले. फोल्डरला परवानगी दोन ठिकाणी असते : ‘शेअरिंग’ टॅबमध्ये आणि ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. शेअरिंगमध्ये लिहिण्याची मुभा आणि सिक्युरिटीत फक्त वाचण्याची, तर फाइल उघडेल पण जतन होणार नाही.

अपडेटनंतर ‘संस्थेच्या धोरणा’चा अडथळा

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर बऱ्याच ठिकाणी जुने शेअर एकाएकी उघडेनासे झाले. आपल्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटलेल्या पाहुण्याला प्रवेश नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. घरातल्या लॅपटॉपवर ही कोणती संस्था, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. संस्था वगैरे काही नसते, मूळ वाक्य कार्यालयांसाठी लिहिलेले आहे.

झाले असे, की या आवृत्तीच्या ‘प्रो’ प्रकारात मायक्रोसॉफ्टने पासवर्डशिवाय ‘पाहुणा’ म्हणून आत शिरण्याची जुनी सोय मूळ सेटिंगमध्ये बंद केली आणि फाइलींच्या देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची केली. पाहुण्याला सही करता येत नाही. राउटरच्या यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क किंवा पासवर्ड न ठेवलेले जुने स्टोरेज यांमुळे अडले. सक्ती काढून टाकण्याच्या युक्त्या सगळीकडे मिळतात. त्यांपेक्षा त्या डिस्कला नाव आणि पासवर्ड देणे केव्हाही शहाणपणाचे.

ज्यांना विंडोज ७ च्या काळातला ‘होमग्रुप’ आठवतो, त्यांनी तो शोधण्यात वेळ घालवू नये. २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तो काढून टाकला आहे.

एसएमबी-१ नावाचे जुने भगदाड

विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांशी फाइलींबद्दल ज्या भाषेत बोलतात तिचे नाव एसएमबी. तिची पहिली आवृत्ती, एसएमबी-१, अनेक दशके जुनी आहे. शेअरिंग चालत नाही म्हटल्यावर ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन हीच चालू करण्याचा सल्ला आजही हमखास दिला जातो. तो ऐकू नये. का, ते २०१७ साली जगाने पाहिले आहे.

त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने एसएमबी-१ मधली एक गंभीर त्रुटी बुजवणारे अपडेट दिले. अनेकांनी ते घेतले नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. त्याला कोणी लिंकवर बोट लावण्याची गरज नव्हती. नेटवर्कवर एक यंत्र लागण झालेले असले, की तो याच त्रुटीतून शेजारच्या यंत्रात आपण होऊन शिरत असे आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम त्याने विस्कळीत केले. दीड महिन्याने, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्यानेही तीच त्रुटी वापरली आणि त्याची झळ थेट महाराष्ट्राला बसली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले, कंटेनरची ये-जा हाताने नोंदवण्याची वेळ आली. पलूस परिसरातली द्राक्षे निर्यात होतात ती याच बंदरातून.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ मुळातच येईनासे झाले. दोन विंडोज १० किंवा ११ मध्ये फाइल पाठवायला त्याची मुळीच गरज नाही. विंडोज ७ सुद्धा पुढची आवृत्ती जाणते. गरज पडते ती फक्त विंडोज एक्सपीला किंवा फार जुन्या स्कॅनर-झेरॉक्स यंत्राला. एखाद्या डीटीपीच्या दुकानात जुन्या प्रोग्रामसाठी एक्सपीचे यंत्र जपून ठेवलेले असते. त्याच्यासाठी साऱ्या घराची भिंत पाडण्यापेक्षा तिथे पेनड्राइव्हच बरा. आणि त्या यंत्राची राउटरची वायर काढून ठेवावी.

विंडोज १० चेही नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. दुकानाच्या कॉम्प्युटरवर तेच असेल आणि त्यावर हिशेब असेल, तर बदलाचा विचार लांबवू नये.

फाइल पोहोचली, अक्षरे वाटेत राहिली

मराठी घरांत आणखी एक तक्रार असते, जिचा नेटवर्कशी काही संबंध नाही, पण दोष नेटवर्कलाच दिला जातो. लग्नपत्रिका, सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस किंवा शाळेचा अहवाल खालच्या कॉम्प्युटरवर छान दिसतो. वर उघडला, की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. ‘शेअर करताना फाइल बिघडली’ असा निष्कर्ष निघतो.

फाइल जशीच्या तशी आलेली असते. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात आणि त्यांवर मराठीचा चेहरा चढवलेला असतो. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की चेहरा गळून पडतो. फॉन्ट तिथेही बसवावा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. फक्त वाचायचे असेल, तर पीडीएफ करून पाठवावे. युनिकोडमधले मराठी कुठेही मराठीच दिसते आणि फाइलचे नावही देवनागरीत ठेवता येते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबतही असाच गोंधळ होतो. टॅलीच्या सिल्व्हर परवान्यावर एका वेळी एकच जण काम करू शकतो, नेटवर्कवर अनेकांनी वापरायला गोल्ड परवाना लागतो. फोल्डर शेअर झाला म्हणून दोघांना एकदम बिले करता येतील, असे नाही. आणि असा डेटा वरून उघडायचा असेल, तर वाय-फायपेक्षा वायर बरी. वाय-फाय क्षणभर तुटले, तर फोटो पुन्हा कॉपी करता येतो, पण अर्धवट लिहिलेली हिशेबाची फाइल करप्ट होते.

जिन्याच्या वरची प्रत

भिलवडी पलूस तालुक्यातली. १९३९ पासून चितळे डेअरीचे गाव. त्याच डेअरीने पुढे जनावरांना आरएफआयडी टॅग लावून त्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवल्या आणि या प्रयोगाची चर्चा देशाबाहेरही झाली. मोठ्या उद्योगाकडे डेटा सांभाळायला माणसे असतात. खालच्या पेठेतल्या दुकानदाराकडे भाचा असतो, तोही पुण्याला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट. भिलवडीच्या पेठेत पाणी शिरले. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटून माणसे बुडाली. माणसांच्या त्या दुःखापुढे कॉम्प्युटरचे नाव कोणी काढले नाही, आणि ते बरोबरच होते. पण पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले, विम्याचे दावे भरायचे झाले, तेव्हा दुकानात किती माल होता याचा हिशेब चिखलातल्या हार्ड डिस्कवर होता. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले.

खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर फाइल जाण्याची सोय म्हणजे केवळ जिना वाचवणे नाही, ते यासाठी. दुकान बंद करताना हिशेबाच्या फोल्डरची त्या दिवसाची प्रत वरच्या यंत्रावर गेली, तर निदान कागदपत्रे तरी पाण्याच्या वर राहतात. वेळही फार लागत नाही. १०० एमबीपीएसच्या जुन्या वायरवर १० जीबी जायला साधारण १५ मिनिटे, गिगाबिट वायरवर दोनेक मिनिटे. हिशेबाचा रोजचा फोल्डर याच्या कितीतरी लहान असतो.

मात्र शेअर केलेला फोल्डर आणि बॅकअप यांत गल्लत होऊ नये. वरून उघडलेला खालचा फोल्डर ही दुसरी प्रत नाही, तो एकच फोल्डर दोन खिडक्यांतून दिसतो आहे. वरच्या लॅपटॉपवर बसून त्यातली फाइल डिलीट केली, तर ती लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ नाहीशी होते. खंडणीचा व्हायरस एका यंत्रात शिरला, तर लिहिण्याची परवानगी असलेले सगळे शेअर फोल्डरही तो कुलूपबंद करतो. तारीख घालून वेगळी प्रत करावी लागते आणि आठवड्यातून एकदा ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून, डिस्कची वायर काढून कपाटात ठेवावी लागते. वायर जोडलेली डिस्क व्हायरसलाही दिसते. रोजची प्रत घेताना खालच्या फोल्डरला वरून फक्त वाचण्याची परवानगी ठेवली, तर चुकून पुसले जाण्याची भीतीही जाते.

फाइल एकदाच आणि लहानशी पाठवायची असेल, तर एवढा खटाटोप नको. विंडोजमधले ‘नियरबाय शेअरिंग’ किंवा अँड्रॉइड फोन आणि लॅपटॉपमध्ये गुगलचे ‘क्विक शेअर’ तेवढ्यापुरते पुरते.

आणि पाणी आलेच, कॉम्प्युटर भिजलाच, तर वीज आल्यावर ‘चालू होतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नये. भिजलेल्या यंत्रात वीज गेली, की वाचण्याजोगा डेटाही जाऊ शकतो. प्लग काढून, यंत्र न उघडता, हार्ड डिस्क काढण्यासाठी जाणकाराकडे द्यावे.